मुक्तिदाते आणि नौरू

परवश राष्ट्रांतील लोकांस शत्रूचा शत्रु नेहमींच देखणा दिसतो. १९०५ सालीं सुशिमाच्या सामुद्रधुनींत रशियाचें आरमार बुडालें तेव्हां पुण्या-मुंबईकडील सुशिक्षितांस जो आनंद झाला तो कृत्रिम नव्हता. एका आशियाई राष्ट्रानें एका गोऱ्या साम्राज्याचें नाक कापलें, ही वार्ताच त्या काळीं औषधासारखी होती. त्या आनंदाबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. पण आजार बरा झाल्यावरहि औषधाची बाटली उशाशीं ठेवून रोज एक घोट घेणारे लोक असतात, तसा हा प्रकार आपल्यांतील कांहीं विद्वानांच्या बाबतींत झालेला दिसतो. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन पाऊण शतक उलटलें, जपानचें साम्राज्य त्याच्याहि आधीं धुळीस मिळालें, आणि तरीहि व्याख्यानांतून, लेखांतून व जेवणानंतरच्या सुपारीबरोबर हें मत आजहि ऐकूं येतें कीं, दुसऱ्या महायुद्धांतील जपान हा आशियाचा मुक्तिदाता होता. त्याच्या हातून थोडेबहुत अत्याचार घडले असतील, परंतु गोऱ्या सत्तेचा कणा त्यानेंच मोडला, सबब त्याचे ऋण मानलेंच पाहिजे. या मताशीं आम्हांस आज दोन हात करावयाचे आहेत.

या पक्षाचे लोक न्यायमूर्ति राधाविनोद पाल यांचें नांव हटकून पुढें करतात. टोकियोच्या न्यायासनावर बसून १९४८ सालीं पाल यांनीं सर्व आरोपींस निर्दोष ठरविलें, हें खरें. आणि तसें करण्यास जें मनोधैर्य लागलें त्याविषयीं आम्हांसहि आदर आहे. पण त्यांचा मुद्दा मुख्यतः कायद्याचा होता. जेत्यांनीं युद्ध संपल्यावर नवा गुन्हा निर्माण करून तो मागील तारखेपासून जितांवर लादावा, हें त्यांस मान्य नव्हतें. जपानी सैनिकांनीं मुलकी लोकांवर आणि युद्धकैद्यांवर केलेल्या अत्याचारांचा पुरावा मात्र जबरदस्त आहे, हें त्याच निकालपत्रांत त्यांनीं स्पष्टपणें कबूल केलें आहे. पालांचें नांव घेणाऱ्यांनीं एवढें तरी वाचावें. साक्षीदारास पिंजऱ्यांत उभें करावयाचें आणि त्याचें अर्धें म्हणणें ऐकून न्यायालय बरखास्त करावयाचें, ही रीत चांगली नव्हे.

मुक्तिदात्याच्या या दाव्याची परीक्षा घेण्यासाठीं आम्ही नानकिंगला जाणार नाहीं, सिंगापूरला जाणार नाहीं, मनिलालाहि जाणार नाहीं. त्या शहरांत काय घडलें तें सर्वविश्रुत आहे. परंतु प्रतिपक्षास तेथें पळवाटा पुष्कळ आहेत. नानकिंगचें नांव काढलें कीं चीनशीं चाललेलें युद्ध पुढें येतें, मनिलाचें काढलें कीं अमेरिकन तोफांचा भडिमार पुढें येतो, आणि ब्रह्मदेशाचें किंवा जावाचें काढलें तर तेथील कांहीं पुढारी प्रथम जपानबरोबर होते, हें सांगण्यांत येतें. आम्हांस असें स्थळ पाहिजे कीं, जेथील मूळच्या लोकांनीं जपानविरुद्ध काठीहि उगारली नव्हती, जेथें त्यांचें सैन्य नव्हतें, जेथें गोऱ्यांचें राज्य आणि गोऱ्यांची लूट हीं दोन्हीं निर्विवाद होतीं, आणि जेथें मुक्तिदाता तीन वर्षें निर्वेधपणें नांदला. असें एक स्थळ नकाशांत आहे. त्याचें नांव नौरू.

प्रशांत महासागरांत, विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस, एकवीस चौरस किलोमीटरांचें हें बेट आहे. धडधाकट माणसानें सकाळीं निघून पायीं प्रदक्षिणा घातली तर तो दुपारच्या जेवणाच्या आंत मूळ जागीं परत येईल. १८८८ सालीं जर्मनीनें तें आपल्या राज्यास जोडलें. सिडनींतील एका कचेरींत दार टेकविण्यासाठीं ठेवलेला एक दगड अल्बर्ट एलिस नांवाच्या माणसानें तपासून पाहिला, तेव्हां तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला, आणि १९०० सालीं नौरूच्या भूमींत या खताचे अमाप साठे आहेत हें ठरलें. त्या दिवसापासून बेटाचें दैव फिरलें. खाणी सुरू झाल्या तेव्हां जमीनमालकास टनामागें अर्धा पेनी मिळे. पहिल्या महायुद्धांत १९१४ मध्यें ऑस्ट्रेलियानें बेट घेतलें. १९१९ सालीं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन सरकारांनीं करार करून खाणींचा कारभार आपल्या एका मंडळाकडे दिला, आणि मालाची वांटणी शेंकडा बेचाळीस, बेचाळीस व सोळा अशी ठरविली. या वांटणींत नौरूवासीयांचा आंकडा कोठें आहे, असें कोणी विचारूं नये. राष्ट्रसंघानें या बेटाची सनद ‘पवित्र विश्वस्तनिधि’ म्हणून दिली होती, आणि विश्वस्तांनीं निधीच खोदून नेला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचीं कुरणें त्या खतानें हिरवीं झालीं, आणि बेटाच्या मधल्या पठारावर दातेरी खडकांचें रान तेवढें उरलें. गोऱ्या राज्यकर्त्यांविषयीं आमचे प्रतिपक्षी जें बोलतात त्यांतला एक शब्दहि आम्ही येथें कमी करूं इच्छीत नाहीं. हवे असतील तर आणखी चार घालावे. फेब्रुवारी १९४२ मध्यें जपानी येणार हें दिसूं लागतांच ‘ल त्रियोंफां’ या फ्रेंच विनाशिकेनें बेटावरील गोऱ्या लोकांस आणि बहुतेक चिनी मजुरांस उचलून नेलें. नौरूच्या लोकांस मात्र मागें ठेवलें. प्रशासक चामर्स आणि आणखी चार ऑस्ट्रेलियन स्वेच्छेनें राहिले, एवढाच काय तो त्या प्रकरणांतील उजेड.

तेव्हां रोगी मुक्तीस सर्वतोपरी योग्य होता. आतां वैद्य काय करतो तें पाहावें.

२६ ऑगस्ट १९४२ रोजीं जपानी आरमाराची तुकडी उतरली. तिला कोणी विरोध केला नाहीं, कारण करणारा कोणी नव्हताच. उतरलेल्या मंडळींचीं उद्दिष्टें दोन होतीं, फॉस्फेट आणि विमानतळ. म्हणजे गोऱ्यांनीं जें उकरलें तेंच हे उकरणार, आणि वर एक धांवपट्टी बांधणार. आपल्या ताब्यांतील अंगौर बेटावर जपान कित्येक वर्षें हाच माल काढीत होता, म्हणून त्याची किंमत त्यास ठाऊक होती. धांवपट्टीसाठीं नौरूच्या लोकांस वेठीस धरलें, त्यांचीं घरें व माडांच्या बागा त्या कामासाठीं गेल्या. जपानी व कोरियन मजूर आणून बेटावर गर्दी केली. २५ मार्च १९४३ रोजीं अमेरिकन विमानांनीं त्या धांवपट्टीवर बाँब टाकले, आणि जपान्यांनीं त्याचा सूड म्हणून चामर्स व त्याचे चारहि सोबती यांस ठार मारलें. त्या पांचांजवळ शस्त्र नव्हतें आणि ते कैदेंत होते. युद्ध संपल्यावर रबौलच्या न्यायालयानें या कृत्याबद्दल एका जपानी अधिकाऱ्यास फांशीं दिलें.

परंतु ते पांच गोरे होते. मुक्तिवादी म्हणतील, जुलमाचा तो सूड. ठीक आहे, गोऱ्यांस सोडून देऊं आणि काळ्या-सांवळ्यांकडे वळूं.

नौरूवर कुष्ठरोग्यांची एक वेगळी वसाहत होती. १९२० सालच्या तापाच्या साथीनें लोक खंगले, आणि पाठोपाठ हा रोग इतका पसरला कीं एके काळीं दर तिघां-चौघांमागें एकास त्यानें गांठलें. आपल्या सह्याद्रींतील कडू कवठाच्या कुळांतील चालमुग्र्याचें तेल टोंचून डॉक्टरांनीं पुढें तो बराचसा आटोक्यांत आणला होता. ज्यांचा रोग हटला नव्हता असे ३९ जण १९४३ च्या उन्हाळ्यांत त्या वसाहतींत होते. जुलै महिन्यांत जपान्यांनीं त्यांस सांगितलें कीं, तुमची सोय दुसऱ्या बेटावर केली आहे. त्यांस एका होडींत बसविलें, होडी ओढीत समुद्रांत नेली, आणि किनारा दिसेनासा झाल्यावर ती त्यांच्यासकट बुडविली. त्यांतील एकहि परत आला नाहीं.

या कृत्याचें समर्थन करूं धजणारा मनुष्य आम्हांस भेटलेला नाहीं, पण त्याचें स्पष्टीकरण देणारे भेटतात. अन्न अपुरें होतें, रोग पसरण्याचें भय होतें, युद्धाची निकड होती, असें ते सांगतात. निकडीचा हा युक्तिवाद किती पोकळ आहे याचा पुरावा शेजारींच, ओशन बेटावर आहे. तेथें १९४५ च्या ऑगस्टांत, सम्राटानें शरणागति जाहीर केल्यानंतर पांच दिवसांनीं, मागें ठेवलेल्या सुमारे दीडशें बेटवासी कामगारांस कड्याच्या टोंकाशीं नेऊन मारलें. त्यांतून काबुनारे नांवाचा एकटा मनुष्य वांचला, कित्येक महिने लपून राहिला, आणि त्यानें पुढें साक्ष दिली. युद्ध संपलेलें असतां युद्धाची निकड कसली? निकड एकच होती: पाहणारे डोळे शिल्लक राहूं नयेत, ही.

असो. नौरूची मुख्य कहाणी अजून पुढेंच आहे.

जून १९४३ च्या अखेरीस जपान्यांनीं नौरूच्या लोकांपैकीं सुमारे ६०० जणांस जहाजांत भरलें. ऑगस्टांत तितक्याच लोकांची दुसरी तुकडी निघाली. बेटाचा मुख्य सरदार टिमोथी डेटुडामो, कॅथॉलिक मिशनांतील दोन पाद्री, म्हातारे, बायका, अंगावरचीं मुलें, सर्वांस सोळाशें किलोमीटरांवरील त्रुक येथें नेऊन टाकलें. सगळे मिळून नौरूचे लोक त्या वेळीं अठराशेंच्या आसपास होते. म्हणजे दर तिघांतले दोघे आपल्या भूमीवरून उपटले गेले. आणि बेट रिकामें झालें म्हणावें तर तसेंहि नाहीं. रिकाम्या जागीं ओशन बेटावरील कित्येक शें लोक आणून कामास लावले. माणसांच्या या अदलाबदलींत मुक्ति नेमकी कोणाची झाली, हें कोणी आम्हांस समजावून सांगेल काय?

त्रुक म्हणजे काय, तेंहि येथें सांगितलें पाहिजे, कारण मुक्तिवाद्यांच्या नकाशांत तें नसतें. कॅरोलाइन, मरियाना व मार्शल हीं बेटें १९१४ मध्यें जपाननें जर्मनीकडून घेतलीं, आणि राष्ट्रसंघानें ऑस्ट्रेलियास नौरूची दिली तशीच, त्याच वर्गाची सनद जपानास या बेटांची दिली. १९३३ त जपाननें राष्ट्रसंघ सोडण्याचें जाहीर केलें, पण बेटें सोडलीं नाहींत. म्हणजे गोऱ्यांच्या ज्या लुटीविरुद्ध हा मुक्तिदाता निघाला म्हणतात, त्याच लुटींत तो तीस वर्षें भागीदार होता, आणि वांटणीचा कागदहि एकच होता. ज्या त्रुकच्या खाडींत आरमाराचा मोठा तळ बांधून तो बसला होता, तेथील मूळ रहिवाशांस त्या तीस वर्षांत स्वातंत्र्याचा वाराहि लागला नाहीं. ‘आशिया आशियावासीयांसाठीं’ या घोषणेंत नौरू किंवा त्रुक बसतात कोठें, हाहि एक प्रश्नच आहे. महासागराच्या मध्यभागीं राहणाऱ्या मायक्रोनेशियन लोकांचा आशियाशीं संबंध जपानी तोफेपुरताच. पण ‘सहसमृद्धि’ हा शब्द लवचीक होता. गोदामांत माल भरावयाचा असेल तेव्हां तो महासागर ओलांडी, आणि भात वाढावयाचा असेल तेव्हां टोकियोच्या उंबरठ्यावर अडे.

त्रुकमध्यें या लोकांस धांवपट्ट्या बांधण्याच्या, शेतें खणण्याच्या व ओझीं वाहण्याच्या कामास जुंपलें. १७ व १८ फेब्रुवारी १९४४ रोजीं अमेरिकन विमानांनीं त्रुकवर जबरदस्त हल्ला केला. त्यानंतर तळाची रसद तुटली, आणि अमेरिकन आरमार त्रुकला तसेंच उपाशी ठेवून पुढें निघून गेलें. जेथें जपानी शिपाईच अर्धपोटीं तेथें नौरूच्या मजुराच्या वाट्यास काय येणार? माणसें भुकेनें, आमांशानें आणि मारहाणीनें मरत गेलीं. पाद्री कायसर, ज्यानें कित्येक वर्षें नौरूंत काढून तेथील भाषेचें व्याकरण लिहिलें, तोहि तेथेंच मेला. इकडे नौरूवर मागें राहिलेल्यांची स्थितिहि फारशी बरी नव्हती. तेलाच्या पिंपांचे अर्धे भाग करून त्यांत माणसांच्या विष्ठेचें खत घालून भोपळे लावीत, आणि त्या भोपळ्यांवर दिवस काढीत. जगाचीं शेतें पिकविणाऱ्या खताच्या डोंगरावर बसलेल्या माणसांवर ही पाळी आली, यापेक्षां विचित्र विटंबना कोणत्या नाटककारास सुचली असती!

त्रुकला गेलेल्या १,२०० पैकीं ४६३ मेले. शेंकडा अडतीस. ३१ जानेवारी १९४६ रोजीं ७३७ जण जहाजांतून आपल्या बेटावर परत उतरले.

येथें प्रतिपक्षाचा एक आवडता आक्षेप येतो, आणि तो सभ्य भाषेंत मांडला जात असल्यामुळें अधिक संतापजनक वाटतो. महायुद्धांत कोट्यवधि मेले, त्यांत चारशें त्रेसष्टांचें काय एवढें? या प्रश्नास नौरूच्याच इतिहासांत उत्तर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथील लोकांची संख्या इतकी घटली होती कीं, ही जात नामशेष होणार असें दिसूं लागलें. एका प्रशासकानें सभा भरवून सांगितलें कीं, निदान दीड हजार माणसें असल्यावांचून एखादी जात टिकत नाहीं. लोकांनीं तो आंकडा व्रतासारखा मनांत धरला. मधें १९२० ची साथ येऊन पुन्हां खड्डा पडला. अखेर २६ ऑक्टोबर १९३२ रोजीं एक मुलगी जन्मास आली आणि संख्या १,५०० झाली. सर्व बेटानें उत्सव केला. ‘अंगाम’ म्हणून तो दिवस आजहि पाळतात. ती मुलगी, एइदेगेनेगेन एइदागारुवो, त्रुकला गेली आणि तेथें मेली. युद्धानंतर संख्या पुन्हां दीड हजारांच्या खालीं आलेली होती, आणि १९४९ सालीं दुसऱ्या मुलाच्या जन्मानें ती पुरी होईपर्यंत त्या लोकांनीं पुन्हां मोजीत बसावें लागलें. जी जात जन्मलेल्या एकेका मुलास मोजते तिच्या चारशें त्रेसष्ट माणसांस ‘थोडेबहुत’ म्हणणाऱ्यानें आपल्या घरांतील माणसें मोजून पाहावींत.

आतां आपल्याकडे वळावें, कारण हा वाद आपल्याकडे चालला आहे आणि त्यांत नेताजींचें नांव ओढलें जातें. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या देशभक्तीविषयीं शंका घेणारा मनुष्य आमच्या पंक्तीस बसूं शकणार नाहीं. परंतु बुडत्यानें ज्या लांकडास मिठी मारली तें लांकूड चंदनाचें होतें असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. नोव्हेंबर १९४३ मध्यें टोकियोस ‘बृहत् पूर्व आशिया’ची परिषद भरली. आशियाई राष्ट्रांच्या परस्पर सन्मानाचे ठराव झाले, आणि नेताजीहि तेथें निरीक्षक म्हणून होते. त्याच वेळीं नौरूचे बाराशें लोक त्रुकच्या चिखलांत होते, आणि ३९ जण समुद्राच्या तळाशीं. त्या महिन्यांत अंदमानाचा ताबा आझाद हिंद सरकारास देण्याची घोषणा झाली. डिसेंबरच्या अखेरीस नेताजींनीं तेथें झेंडा फडकविला. आणि पुरता महिना लोटतो न लोटतो तोंच, ३० जानेवारी १९४४ रोजीं, त्याच अंदमानांत हम्फ्रीगंज येथें ४४ हिंदी लोकांस जपान्यांनीं हेर ठरवून गोळ्या घातल्या. तत्पूर्वीं डॉक्टर दिवाण सिंग तुरुंगांतील छळानें मेले होते. ताबा कागदावर कोणाचा होता आणि बंदूक कोणाच्या हातीं होती, हें यावरून कळावें. सिंगापुरांत कैद झालेल्या ज्या हिंदी शिपायांनीं आझाद हिंद सेनेंत जाण्याचें नाकारलें, त्यांतील कांहीं हजारांस न्यू गिनी व न्यू ब्रिटनच्या जंगलांत हमालीस धाडलें. सेपिक नदीच्या बाजूस गेलेल्यांपैकीं ऑस्ट्रेलियन सैन्यास अखेर ११ जण जिवंत सांपडले. त्यांतील दहा मायदेशीं परततांना विमान-अपघातांत गेले, आणि चिंत सिंग नांवाचा एकटा जमादार साक्ष देण्यास उरला. ते शिपाई गोरे नव्हते. तेहि आशियावासीच होते.

शेवटचा आक्षेप परिणामाचा. कांहीं झालें तरी युद्धामुळें साम्राज्यें खिळखिळीं झालीं आणि लहान राष्ट्रें मोकळीं झालीं, असें म्हणतात. चोरानें दार फोडलें म्हणून घरांत वारा खेळूं लागला, तर त्याबद्दल चोराचा सत्कार करावा काय, हा विचार क्षणभर बाजूस ठेवूं, आणि नौरू मोकळें कसें झालें एवढेंच पाहूं. युद्धानंतर तें संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्ततेखालीं पुन्हां त्याच तीन सरकारांकडे गेलें. खाणी पुन्हां सुरू झाल्या. त्या लोकांनीं हत्यार न उचलतां, केवळ हिशेब आणि हट्ट यांच्या बळावर, वीस वर्षें वाटाघाटी केल्या. ऑस्ट्रेलियानें दुसरें बेट देऊं केलें तें घेतलें नाहीं. १९६८ त स्वातंत्र्य मिळविलें, १९७० त खाणी स्वतःच्या हातीं घेतल्या, आणि १९८९ त तर ऑस्ट्रेलियास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत खेंचून १९९३ मध्यें नुकसानभरपाईची तडजोड करावयास लावलें. गोऱ्यांचें देणें त्यांनीं माफ केलें नाहीं, हें मुक्तिवाद्यांनीं ध्यानांत घ्यावें. तेव्हां जपानविषयीं त्यांचें जें मत आहे तें गोऱ्यांच्या प्रेमापोटीं बनलें आहे, असें म्हणण्याची सोय राहिलेली नाहीं.

आणि तें मत काय आहे हें त्यांनीं पंचांगांतच नोंदवून ठेवलें आहे. स्वातंत्र्याचा दिवस कोणता धरावा हें ठरविण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं ३१ जानेवारी हा दिवस निवडला. १९४६ सालीं याच तारखेस ते ७३७ जण त्रुकहून परत आले होते. नव्या राष्ट्राचा पहिला अध्यक्ष म्हणून त्यांनीं हॅमर डीरोबर्ट यांस निवडलें. डीरोबर्ट हे त्या जहाजांतून उतरलेल्यांपैकींच एक होते.